आधी गुणगुण ऐका, मग पेचकस घ्या

मिनीमूग हा सिंथेसायझर 1970 सालचा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ट्रुमन्सबर्गला घडलेला. त्यात सूर ठरतो व्होल्टेजवर. एक व्होल्ट वाढला की सूर सप्तकभर चढतो. म्हणजे शेजारशेजारच्या दोन स्वरांत जेमतेम 83 मिलिव्होल्टचं अंतर. आतला वीजपुरवठा अधिक-उणे 10 व्होल्टचा, आणि तो डळमळला की वाद्य बेसूर होतं. म्हणून सूर निर्माण करणारे त्याचे तिन्ही ऑसिलेटर एकदम भरकटले तर पहिला संशय पुरवठ्यावर घ्यावा. एकटाच भरकटला तर बहुधा दोष त्याचाच. हौशी मंडळी मात्र ट्यूनिंगचे स्क्रू पिळत बसतात. पुढे पुरवठा दुरुस्त झाला की ते सगळं जुळवणं वाया!

स्पीकरमधली गुणगुण तर निदान अर्धं करून देते. आपली वीज 50 हर्ट्झची. रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी एका दिशेला वळवतो, त्यामुळे त्याच्यापुढची लहर 100 हर्ट्झची होते. हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. तो ऐकू आला तर ही लहर सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर थकला असावा. त्याच्याही सप्तकभर खाली, 50 हर्ट्झची घुमघुम असेल तर अर्थिंग आणि केबल तपासा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथे हाच रोग 120 हर्ट्झवर, काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मध्ये गातो.

कंडेन्सर थकतो कारण त्यातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधलं ओलं रसायन वर्षानुवर्षं सुकत जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि नेमका हाच भाग ट्रान्सफॉर्मर नि रेग्युलेटरच्या उबेत बसवलेला असतो.

फ्यूज उडाला तर तसाच दुसरा घालून बघू नका. जाड तार तर मुळीच नको. आत शॉर्ट आहे का ते वाद्याकडे येणाऱ्या विजेच्या वाटेत सिरीज बल्ब लावून कळतं: बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आहे. जपानच्या घरगुती बाजारासाठीची वाद्यं 100 व्होल्टची असतात, ती सरळ आपल्या 230 व्होल्टवर लावली की ट्रान्सफॉर्मरच जातो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून असते, ती रेझिस्टरमधून उतरवा. नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, शक्यतो 105 अंशांचा घ्या. अधिक-उणे टोकं उलटी जोडू नका. मग वाद्य चांगलं तापू द्या, दोन्ही पुरवठे मल्टिमीटरवर मोजा आणि त्यानंतरच ट्यूनिंगच्या स्क्रूला हात लावा.