एकाच ठशांतली पहाट आणि रात्र

टेंभुर्णीत राहणाऱ्याला उजेडाचे फरक शिकवावे लागत नाहीत. चैत्रात सकाळी नऊलाच रानावर पांढुरकी झाक चढते आणि लांबच्या डोंगराची कड पुसट होते. पावसाळ्यात उघडीप पडली की तोच डोंगर हाताशी आल्यासारखा वाटतो. जपानी चित्रकार हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) यांची लाकडी ठशांची निसर्गचित्रं म्हणूनच मला पहिल्या भेटीत आपलीशी वाटली.

१९३०च्या अखेरीस मुलगा तोशी याला घेऊन योशिदा भारतात आले. परतल्यावर त्यांनी ताजमहालाची जी ठसाचित्रं केली, त्यांतली दोन शेजारी ठेवून पाहावीत: पहाटेच्या धुक्यातला ताज आणि रात्रीचा ताज. ठसे तेच, बदलले फक्त रंग. पहिल्यात घुमट धुक्यात विरघळत चाललेला, दुसऱ्यात गर्द निळाईत तोच घुमट भारदस्त झालेला.

हे साधतं कसं? चेरीच्या लाकडाच्या फळीवर ब्रशने रंग आणि तांदळाची खळ पसरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घोटायचं. यंत्र नाही, दाब सगळा हाताचा. फळीवर कोरलेल्या खाचेत कागदाचा कोपरा दर खेपेला अचूक बसला पाहिजे. केसभर सरकला तरी चित्र बिघडलं. आभाळ वरून खाली फिकं होत जातं, ते फळीवरचा रंग ओल्या ब्रशने विरवून. जपानातल्या निक्कोच्या योमेईमोन दरवाजाच्या चित्रासाठी योशिदांनी एकाच कागदावर ९६ वेळा छपाई करवून घेतली! इतकी चिकाटी मला भक्तीच्या जवळची वाटते.

सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतर तोक्योत आग भडकली. तिच्यात योशिदांचे सुरुवातीचे ठसे प्रकाशक वातानाबे यांच्याकडे जळाले. आमच्या उत्तरेच्या डोंगरांतल्या अजिंठ्याला येऊन जपानी चित्रकार आराई काम्पो आणि सहकाऱ्यांनी १९१७-१८च्या सुमारास भित्तिचित्रांच्या ज्या नकला केल्या होत्या, त्याही त्याच आगीत गेल्या. हे वाचलं तेव्हा घरचंच काही जळाल्यासारखी हळहळ वाटली.

योशिदांनी १९२५मध्ये स्वतःची कार्यशाळा उभी केली. कोरणारे, छापणारे कारागीर त्यांच्या नजरेखाली राबत. मनासारख्या उतरलेल्या प्रतीच्या समासात ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का असतो. अशी प्रत कधी हाती आलीच तर खिडकीपाशी न्यावी, कागद किंचित तिरपा धरावा. आभाळाच्या सपाट निळ्यात चकती फिरल्याच्या गोल खुणा दिसू लागतात.