लहान देशात दहा दिवस

परदेशप्रवासाचा बेत ठरू लागला की आपल्याकडे बोलण्याचा आरंभ बहुधा संख्येपासून होतो. किती दिवसांत किती देश? बारा दिवसांत सात देश म्हटले की ऐकणाऱ्याला व्यवहार फायद्याचा वाटतो. आमच्या घरीही काही वर्षांपूर्वी असाच फायद्याचा व्यवहार झाला. आईवडिलांना एका सहल-मंडळीबरोबर युरोपला धाडले. ती दोघे परत आली तेव्हा छायाचित्रे पुष्कळ होती. पण कोणते चित्र कोणत्या गावाचे, यावरून दोघांत मतभेद होता. अण्णा एवढेच म्हणाले, “बसची खिडकी चांगली मोठी होती.” आयुष्यभराच्या शिलकीतून केलेल्या प्रवासाविषयी हे एकच वाक्य उरावे, याची रुखरुख आम्हाला लागून राहिली.

म्हणून पुढे अण्णांच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा जाण्याचे ठरले, तेव्हा एकच देश आणि तोही लहान निवडावयाचा, असा निश्चय केला. अण्णांनी एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे भूगोल शिकविला. चुनखडकाच्या प्रदेशाला ‘कार्स्ट’ म्हणतात, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. हा शब्द ज्या भूमीवरून आला तो ‘क्रास’ नावाचा पठारी प्रदेश मुख्यतः स्लोव्हेनियात आहे. देशाची निवड अशी आपोआपच झाली.

स्लोव्हेनिया हा 1991 साली युगोस्लाव्हियातून वेगळा होऊन स्वतंत्र झालेला देश. क्षेत्रफळ सुमारे 20,270 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मेघालयाहूनही थोडे कमी. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. पण एवढ्याशा जागेत उत्तरेला आल्प्स पर्वत, नैऋत्येला एड्रियाटिक समुद्राचा जेमतेम पन्नास किलोमीटरांचा किनारा आणि मध्ये चुनखडकाचे पठार, अशी तीन निराळी जगे सामावली आहेत. राजधानी लुब्लियाना. तेथून पोस्तोयनाची गुहा सुमारे पन्नास किलोमीटर, ब्लेडचे सरोवर पंचावन्न आणि समुद्रकाठचे पिरान एकशेवीस. लहान देशाचा खरा लाभ तो हा: सकाळी निघून मनसोक्त पाहावे आणि रात्री आपल्याच खोलीत निजावे. रोज सामान बांधण्याचा उपद्व्याप वाचतो. वृद्ध माणसांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

कागदपत्रांचाही विचार आधी करावा. स्लोव्हेनिया 2007 पासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि त्याच वर्षापासून तेथे युरो हे चलन आहे. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याची मुभा देतो. अनेक देश फिरावयाचे असल्यास ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम एकाच देशात असला की हा घोळ उरत नाही. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा. पारपत्राची मुदत परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने शिल्लक असावी आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा जवळ असावा. हा विमा वृद्धांसाठी केवळ नियम म्हणून नव्हे, तर गरज म्हणून घ्यावा.

मग प्रश्न ऋतूचा. आपली सुटी एप्रिल-मे महिन्यांतली. तेव्हा खाली फुले फुललेली असली तरी 1,611 मीटर उंचीच्या व्हर्शिच घाटात बर्फ असण्याचा संभव असतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर मोकळे होतात, पण गर्दी वाढते. शिवाय आमच्यापुढे निराळीच अडचण होती. अण्णांना त्सेर्कनित्साचे सरोवर पाहावयाचे होते आणि ते बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस नाहीसे होते! त्या खोलगट मैदानाच्या तळाशी असंख्य विवरे आहेत. पाऊस आणि वितळलेला बर्फ यांचे पाणी भूगर्भातील वाटांना ओसरून नेता येत नाही तेव्हा ते वर चढते आणि विस्तीर्ण सरोवर होते. आवक घटली की त्याच विवरांतून निघून जाते आणि तळावर गवत उगवते. सतराव्या शतकात यान्येझ वायकार्ड वाल्वासोर याने या सरोवराचा अभ्यास केला आणि 1687 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. आम्ही मे महिन्याचा शेवट निवडला. घाट मिळाला नाही तरी चालेल, सरोवर मिळावे, असा हिशेब केला. सुटीचा बेत म्हणजे शेवटी काय सोडावयाचे याचाच निर्णय असतो.

असाच निर्णय गुहांच्या बाबतीतही घ्यावा लागला. श्कोत्सियानच्या गुहा 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांतील भूमिगत दरीचे दृश्य भव्य खरे. पण तेथे पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. पोस्तोयनाची गुहा चोवीस किलोमीटर लांब असून तिच्यात 1872 साली रूळ घातले गेले. त्या काळी वाटाडे डबे हातांनी ढकलीत. आता विजेची गाडी आत नेते आणि चालण्याची वाटही बरीच सोपी आहे. गुडघ्यांचा कौल पोस्तोयनाला मिळाला. आत बारमाही दहा अंशांच्या आसपास तापमान असते, तेव्हा बाहेर ऊन असले तरी लोकरी कपडा बरोबर हवाच.

आपल्या महाराष्ट्रातील वेरूळ-अजिंठ्याची लेणी माणसांनी छिन्नीने काळ्या पाषाणात कोरली. येथे कोरणारे पाणी आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, चुनखडक विरघळवीत खाली उतरते आणि ठिबकताना तोच चुना पुन्हा मागे ठेवते. त्यातून अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ घडतात. याच अंधारात ‘प्रोटियस’ नावाचा फिकट, दृष्टिहीन उभयचर प्राणी राहतो. तो अन्नावाचून वर्षानुवर्षे जगू शकतो. अण्णांना मात्र अधिक मौज वाटली ती शब्दांची. पुस्तकातले ‘डोलाइन’ ते येथील ‘दोलिना’, म्हणजे साधी दरी. आणि ‘पोल्ये’ म्हणजे नुसते शेत. “परीक्षेसाठी पाठ करून घेतले ते शब्द येथे शेतकरी बोलतो,” असे ते आईला पुनःपुन्हा सांगत होते.

उरलेल्या दिवसांपैकी तीन ब्लेड आणि बोहिनच्या सरोवरांसाठी ठेवावे. ब्लेडच्या बेटावरील देवळाला नव्याण्णव पायऱ्या आहेत. न चढवल्यास सरोवराभोवतीची सुमारे सहा किलोमीटरांची सपाट वाट पुरेशी रमणीय आहे. खाण्याविषयी शाकाहारी माणसाने फार धास्ती घेऊ नये. चक्क्यासारख्या ताज्या चीझचे किंवा अक्रोडाचे सारण भरून उकडलेले ‘श्त्रुक्ली’ सर्वत्र मिळतात. कुट्टूच्या पिठाचे ‘झ्गान्त्सी’ही चांगले, मात्र त्यांवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची रीत असल्याने आधी विचारून घ्यावे.

शेवटची संध्याकाळ आम्ही लुब्लियानात काढली. शहराचा मध्यभाग मोटारींना बंद असल्याने वृद्धांना निर्धास्तपणे हिंडता येते. वास्तुशिल्पी योझे प्लेच्निक यांनी जुन्या पुलाच्या दोन्ही अंगांना एकेक पादचारी पूल जोडून जो तिहेरी पूल केला, त्यावर आम्ही उभे होतो. खाली लुब्लियानित्सा संथ वाहत होती. या नदीला सात नावांची नदी म्हणतात. पोस्तोयनाच्या गुहेत शिरणारी पिव्का आणि त्सेर्कनित्साकडून येणारा राक भूगर्भात एकमेकींना मिळतात, उनित्सा होऊन बाहेर पडतात, पुन्हा जमिनीत लुप्त होतात आणि व्र्हनिका गावाजवळ या नावाने प्रकट होतात. अण्णांनी कठड्यावर बोटाने ती सारी वाट रेखून दाखविली. आठ दिवस आम्ही निरनिराळी स्थळे पाहत होतो असे आम्हाला वाटत होते. ते मात्र एकच पाणी पाहत आले होते.

परत आल्यावर त्यांना कोणी विचारले, “किती देश पाहिलेत?” तर ते “एक” म्हणतात आणि मग तासभर बोलत राहतात. बेत आखणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे: बरोबर येणाऱ्याला काय पाहण्याची ओढ आहे हे प्रथम विचारावे, त्याची शक्ती ओळखावी आणि मगच नकाशा उघडावा. देश लहान निवडला म्हणून सुटी लहान होत नाही.