रायसीनाचा चढ

दिल्लीत कर्तव्यपथावरून रायसीना टेकडीकडे निघालं, की राष्ट्रपती भवन लांबूनच नजरेत भरतं. विजय चौक जवळ येतो तशी मात्र इमारत चढाआड बुडू लागते आणि घुमट तेवढा वर उरतो. यामागे दोन वास्तुविशारदांचं भांडण आहे.

१९११च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली. व्हाइसरॉयच्या प्रासादाचं, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचं, काम एडविन ल्यूटेन्सकडे आलं, सचिवालयाच्या दोन इमारतींचं हर्बर्ट बेकरकडे. बेकरने सचिवालयंही टेकडीच्या माथ्यावर आणली, त्यामुळे प्रासाद मागे सरकला. रस्त्याचा चढ ठरवणाऱ्या कागदावर ल्यूटेन्सचीच सही होती. त्याचा अर्थ ध्यानात आल्यावर त्याने पुष्कळ आदळआपट केली, पण चढ काही हलला नाही.

भारतीय स्थापत्याबद्दल ल्यूटेन्सला प्रेम असं नव्हतंच. तरी इमारतीला रूप आलं ते इथल्याच गोष्टींनी: घुमटाभोवती सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा कठडा, लाल आणि पिवळसर वालुकाश्म, छत्र्या, जाळ्या. भिंतीबाहेर काढलेला दगडी छज्जा उन्हाळ्यात भिंतीवर सावली धरतो आणि पावसाळ्यात पाणी दूर टाकतो. खांबांच्या माथ्यावर, कोपऱ्यांना दगडी घंटा कोरल्या आहेत. घंटा मुक्या राहिल्या की राजवट टिकते, अशी समजूत त्यामागे होती म्हणतात. घंटा मुक्याच राहिल्या, राजवट मात्र इमारत पुरी झाल्यावर वीस वर्षंही टिकली नाही.

१९२९ साली काम संपलं, तेव्हा चार मजले आणि ३४० खोल्या उभ्या होत्या. ज्या दरबार हॉलमध्ये व्हाइसरॉयचं सिंहासन होतं, तिथेच १५ ऑगस्ट १९४७ रोजी नेहरूंचा शपथविधी झाला. आज तिथे राष्ट्रपतींच्या खुर्चीमागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे आणि २०२४पासून दालनाचं नाव गणतंत्र मंडप आहे.

नावं बदलली, पण मला मोलाचा वाटतो तो राजगोपालाचारींचा निर्णय. गव्हर्नर जनरल म्हणून ते इथे आले तेव्हा व्हाइसरॉयचं शयनगृह त्यांना अवाढव्य वाटलं आणि त्यांनी पाहुण्यांच्या लहान खोल्यांत मुक्काम हलवला. पुढे राष्ट्रपतींनीही हाच पायंडा पाळला. प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती म्हणून या वास्तूत होत्या, म्हणून मराठी माणसाला तिची थोडी जास्त ओळख. भवन लोकांना पाहता येतं. नोंदणी मात्र आधी करावी लागते.