दूरचे दर्यामार्ग (७) : आधी बोट, मग तारीख

गेल्या आठवड्यात आपण नॉर्वेच्या फियोर्डमध्ये होतो. आज एकदम नकाशाच्या तळाशी, अंटार्क्टिकाला. या सफरीबद्दल ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांचा पहिला प्रश्न तारखेचा असतो. डिसेंबर चांगला की फेब्रुवारी? दुसरा प्रश्न पैशांचा. दोन्ही रास्त आहेत. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो फारसं कुणी विचारत नाही : बोटीवर प्रवासी किती?

अंटार्क्टिकात एका ठिकाणी, एका वेळी, शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत. शिवाय वीस प्रवाशांमागे किमान एक मार्गदर्शक हवा. एका जागी एका वेळी एकच बोट थांबते. आणि पाचशेहून अधिक प्रवासी घेऊन आलेल्या बोटीवरून तर कुणालाच उतरता येत नाही. इथे बोटी नेणाऱ्या कंपन्यांनी १९९१ मध्ये एकत्र येऊन ‘आयाटो’ ही संघटना स्थापन केली आणि स्वतःवर अशी बंधनं घालून घेतली. पुढे २००९ मध्ये अंटार्क्टिक कराराच्या सदस्य देशांच्या बैठकीनंही हेच नियम मान्य केले.

आता हा शंभराचा नियम घेऊन हिशोब करून बघा. बोट सकाळी एका खाडीत नांगर टाकते, तीन-चार तास थांबते, दुपारी दुसरीकडे जाते. बोटीवर शंभरच माणसं असतील तर सगळी एकदम उतरतात आणि मनसोक्त वेळ मिळतो. दोनशे असतील तर निम्मी किनाऱ्यावर, निम्मी ‘झोडियाक’मध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत बसून हिमनगांमधून फिरतात आणि मग अदलाबदल होते. त्यातही नुकसान नाही, कारण होडीतून दिसणारं अंटार्क्टिका वेगळंच असतं. पण चारशे-साडेचारशे प्रवासी असले की चार-पाच तुकड्या पडतात. आपली पाळी येईपर्यंत खिडकीतून बघायचं, आणि उतरल्यावर तासाभरात परतीची हाक. हवा मध्येच बिघडली तर शेवटच्या तुकडीला पाय टेकायलाही मिळत नाही. आणि हजारभर प्रवाशांचं जहाज? त्याच्या जाहिरातीत ‘अंटार्क्टिका’ मोठ्या अक्षरात असतं, दरही मोहात पाडणारा असतो, पण प्रवास फक्त डेकवरून बघण्याचा. हे ठाऊक असताना तसं जहाज निवडायला माझी हरकत नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी तो चांगला पर्याय आहे. दुःख होतं ते घरून पेंग्विनांमध्ये चालायची स्वप्नं घेऊन निघालेल्या आणि बोटीवर चढल्यानंतर नियम कळलेल्या माणसाचं.

म्हणून चौकशी करताना दोन आकडे लेखी मागा : या फेरीत जास्तीत जास्त प्रवासी किती, आणि उतरण्याचे दिवस किती. दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण १० रात्रींची सफर म्हणजे १० दिवस अंटार्क्टिका नव्हे. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआइया या गावातून बोट संध्याकाळी सुटते. जाताना समुद्र ओलांडायला साधारण दोन दिवस, येताना दोन. शेवटच्या सकाळी नाश्ता झाला की सामान घेऊन खाली. हाती उरतात पाचेक दिवस. ११ दिवसांची सफर १० दिवसांची झाली तर जो दिवस कापला जातो तो समुद्रातला नसतो, बर्फावरचा असतो.

मला स्वतःला दीडशे ते दोनशे प्रवाशांची बोट योग्य वाटते. त्याहून छोटी बोट हेलकावे जास्त खाते आणि महागही पडते. दीडशे-दोनशेच्या बोटीवर लिफ्ट असते, डॉक्टर असतो, आणि हेलकावे कमी करणारी यंत्रणा बहुतेकींना असते. आपल्याकडून या सफरीला जाणारे पुष्कळदा निवृत्तीनंतर निघतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावं. दर माणशी सहा-सात हजार डॉलरपासून सुरू होतात आणि केबिनप्रमाणे त्याच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जातात. विमानभाडं वेगळं.

मधला समुद्र म्हणजे ड्रेक पॅसेज. केप हॉर्न आणि दक्षिण शेटलंड बेटं यांच्यामध्ये सुमारे ८०० किलोमीटरची ही सामुद्रधुनी. ती इतकी खवळलेली का, ते नकाशा वरून न बघता खालून, दक्षिण ध्रुवाकडून बघितला की लगेच उमगतं. या अक्षांशावर पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरी मारली तरी कुठे जमीन आडवी येत नाही. पश्चिमेचा वारा अखंड धावतो, त्याच्याबरोबर लाटा धावतात, आणि खाली अंटार्क्टिकाभोवती फिरणारा महाप्रवाह वाहतो. या प्रवाहातून दर सेकंदाला १३ कोटी घनमीटरहून अधिक पाणी जातं. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास भरतील. एवढं सगळं दोन खंडांमधल्या याच एका फटीतून कोंडून निघतं. खलाशी म्हणतात, ड्रेक कधी तळं असतो, कधी थरथराट. कुठला मिळणार ते निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत नीट सांगता येत नाही.

मराठीत बोटीच्या हेलकाव्यांनी होणाऱ्या मळमळीसाठी ‘बोट लागणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या बोटींनी तो घरोघरी पोचवला. त्या पिढीचा उपाय होता बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला, क्षितिजाकडे तोंड करून बसायचं. आजही तोच लागू आहे. झोका टोकांना मोठा असतो आणि उंचावर मोठा असतो. मध्ये आणि खाली कमी. म्हणून सज्जा असलेली वरच्या मजल्यावरची महागडी केबिन ड्रेकमध्ये सगळ्यात जास्त डोलते, तर खालच्या मजल्यावरची, गोल खिडकीची, मधली केबिन सगळ्यात कमी, आणि ती स्वस्तही असते. गोळी घ्यायची असेल तर ड्रेकच्या आधी लागणाऱ्या बीगल चॅनेलच्या शांत पाण्यात असतानाच घ्यावी. पोट ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग थोडा. कानामागे लावायची औषधाची पट्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते.

ड्रेक टाळायचा एक मार्ग आहे. चिलीच्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीवर विमान उतरतं, दोनेक तासांत, आणि बोट तिथे वाट बघत असते. खर्च वाढतो, आणि धुकं पडलं की विमान अडकतं, कधी दिवस-दोन दिवस. ज्याला शक्य आहे त्यानं निदान एका बाजूनं तरी समुद्रानं जावं असं मला मनापासून वाटतं. भटक्या अल्बट्रॉसचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटरच्या वर भरतात, आणि तो तासन् तास पंख न हलवता बोटीमागे तरंगत येतो. दुसऱ्या दिवशी कधीतरी पाण्याचं तापमान थोड्याच अंतरात काही अंशांनी उतरतं. हवेत गारठा शिरतो, बऱ्याचदा धुकं दाटतं, सोबतचे पक्षी बदलतात. ध्रुवीय सीमारेषा ओलांडली गेलेली असते. त्या थंड पाण्यात क्रिल नावाचे कोळंबीसारखे इवलेसे जीव वाढतात आणि देवमाशापासून पेंग्विनपर्यंत सगळ्यांचं पोट त्यांच्यावर भरतं. विमानानं गेलेल्याला ही सरहद्द कळतच नाही.

आता तारीख. मोसम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पेंग्विन दगड गोळा करून घरटी मांडत असतात. पिल्लं डिसेंबरच्या अखेरीपासून दिसू लागतात आणि जानेवारीत सगळीकडे होतात. उजेडही याच काळात सगळ्यात लांब, दरही सगळ्यात चढे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर दिसतात आणि समुद्रावरचा बर्फ मागे हटल्यामुळे काही बोटी ध्रुववृत्ताच्या पलीकडे जातात, पण किनाऱ्यावरचा बर्फ पेंग्विनांच्या विष्ठेनं गुलाबी-तपकिरी झालेला असतो. थंडीची भीती मात्र नको. या बोटी जातात त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर उन्हाळ्यात पारा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. झोंबतो तो वारा. सुती कपडे घरी ठेवा. घाम आणि पाणी धरून ठेवणारं कापड इथे शत्रू आहे. गमबूट बहुतेक बोटींवर वापरायला मिळतात.

उशुआइयाला पोचणं हीच या सफरीतली अवघड पायरी आहे. ब्युनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. परदेशातून आलेली विमानं बहुतेक एसेइसाला उतरतात, तर उशुआइयाची बरीचशी सुटतात शहरातल्या एरोपार्केहून, आणि मध्ये सगळं शहर. दोन विमानांमध्ये चार तास ठेवून कुणी तिकीट काढून दिलं तर घेऊ नका. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते. बोट कुणासाठी थांबत नाही, आणि चुकली तर पुढच्या बंदरावर गाठायची सोयच नाही, कारण पुढे बंदरच नाही. म्हणून उशुआइयात निदान दोन रात्री आधी पोचायचं. बॅग मागे राहिली तरी तेवढ्यात येऊन मिळते.

कागदपत्रांत व्हिसा तर आलाच. सफरीत चिली किंवा फॉकलंड बेटं असतील तर अर्जेंटिनात दोनदा प्रवेशाची मुभा आहे ना, हे बघून घ्या. पण आपल्या लोकांचा घोटाळा होतो तो पीतज्वराच्या लशीत. अर्जेंटिना ती मागत नाही, त्यामुळे विषय विसरला जातो. मागतो तो आपलाच देश, परतताना. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत ब्राझील आहे आणि अर्जेंटिनाही आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लशीच्या दाखल्याविना भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस ठरावीक केंद्रांतच मिळते आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. लस देता येत नसेल तर तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

आणि विमा. अंटार्क्टिकात प्रवाशांसाठी इस्पितळ नाही. बोटीवरचा डॉक्टर प्राथमिक उपचार करील, पुढचं सगळं हजारभर किलोमीटर दूर. म्हणून कंपन्या आजारी माणसाला हलवण्याच्या खर्चाचा विमा सक्तीचा करतात, आणि रक्कम लाखो डॉलरमध्ये असते. पॉलिसीत अंटार्क्टिकाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे का, वयाची अट काय, आधीपासूनचे आजार धरलेत का, हे पैसे भरण्याआधी वाचा. ‘जगभर’ या शब्दावर विसंबू नका.

ही काळजी कशासाठी, ते ‘एक्स्प्लोरर’ची गोष्ट सांगते. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये हौशी प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं आणि पुढे १९६९ मध्ये खास अशा सफरींसाठी ही छोटी बोट बांधून घेतली. पुढे मालक बदलले, बोट फिरत राहिली. २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ ती बर्फावर आदळली आणि बुडाली. १५४ माणसं काही तास उघड्या होड्यांमध्ये थंडीत काढून वाचली, कारण ‘नॉर्डनॉर्गे’ नावाची दुसरी बोट वेळेवर पोचली. आज या भागातल्या बोटी एकमेकींचा ठावठिकाणा ठेवतात. जड इंधन तेल जाळायला आणि न्यायलाही ६० अंश दक्षिणेच्या खाली ऑगस्ट २०११ पासून बंदी आहे.

बर्फाचा असा धोका असतो म्हणूनच कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नावं – डिसेप्शन बेटाचं पाण्यानं भरलेलं ज्वालामुखीचं विवर, लेमेअरची अरुंद खिंड, पोर्ट लॉक्रॉयचं टपाल कार्यालय – ही वचनं नव्हेत. वारा आणि बर्फ बघून कप्तान रोज रात्री उद्याचं ठरवतो, आणि सकाळी बदलतो. आपल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांची आशा तर धरूच नये. ते खंडाच्या दुसऱ्या बाजूला, हजारो किलोमीटरवर आहेत. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोचली, ती सरळ हिंदी महासागर ओलांडून. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून आजही त्या तळांचा कारभार चालतो.

बॅग भरताना शेवटची एक गोष्ट, आणि तिच्याबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. किनाऱ्यावर उतरण्याच्या आधी बोटीवर तुमचं जाकीट, खिसे, बॅगेच्या शिवणी आणि व्हेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमनं साफ करून घेतात, चिमट्यानं एकेक कण काढायला लावतात. बूट प्रत्येक फेरीला जंतुनाशकात बुडवायचे. किनाऱ्यावर खाणं न्यायचं नाही, चिवड्याची पुडीसुद्धा नाही. पेंग्विनपासून पाच मीटर दूर. बर्ड फ्लू अंटार्क्टिकात पोचल्यापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीही ठेवायची नाही. सह्याद्रीत ट्रेकला घातलेली पँट आणि बूटच बरेच जण या सफरीला काढतात. पावसाळ्यानंतरच्या एखाद्या गडावरची कुसळं मोज्यांत, नाडीच्या भोकांत, व्हेल्क्रोच्या दातांत महिनोन् महिने अडकून राहतात हे ट्रेक करणाऱ्याला सांगायला नको. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या तळाजवळ १९८५ मध्ये एक परकं गवत उगवलेलं दिसलं, जगभर हिरवळीत आढळणारं साधं गवत, माणसांबरोबर आलेलं. ते उपटून काढायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. तेव्हा ती कुसळं घरीच, उजेडात बसून, चिमट्यानं काढा. त्याला एक संध्याकाळ लागते.

पुढच्या आठवड्यात : दक्षिण जॉर्जिया – राजा पेंग्विनांचं बेट आणि शॅकल्टनची कबर.