शीतलामातेचे व्रत आणि साथीचे निवारण

श्रावण हा व्रतवैकल्यांचा मास. या मासातील शुद्ध सप्तमीस शीतला सप्तमीचे व्रत येते. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशी शिजविलेले अन्नच सेवन करावयाचे आणि मुलाबाळांच्या आरोग्यासाठी मातेची करुणा भाकावयाची, हा कुळाचार अनेक घरांतून आजही श्रद्धेने पाळला जातो. हाती केरसुणी व कलश आणि मस्तकी सूप असे मातेचे ध्यान आहे. झाडणे, पाखडणे आणि शांतविणे ही आरोग्यरक्षणाची कर्मेच त्यात सूचित झाली आहेत, असे आम्हांस वाटते.

ज्या रोगापासून रक्षण व्हावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातेस साकडे घातले गेले, त्या रोगास आपल्या भाषेने ‘देवी’ हेच नाव दिले. आणि त्याची लस टोचण्यासही ‘देवी काढणे’ असेच म्हटले. आज तो रोग पृथ्वीतलावर उरलेला नाही. तो कसा गेला, ही हकिगत प्रत्येक श्रद्धाळू घराने जाणून घेण्यासारखी आहे; कारण साथ कशी पसरते आणि कशी थांबते, याची मूलतत्त्वे तीत आली आहेत.

साथ म्हणजे साखळी

देवीचा विषाणू केवळ मनुष्यदेहातच वाढे. रोग्याच्या श्वासातून, फोडांतून, खपल्यांतून आणि अंथरूण-पांघरुणांतून तो दुसऱ्याच्या देहात शिरे. त्यानंतर सुमारे बारा दिवस काहीच दिसत नसे. मग ताप चढे आणि अंगावर पुरळ उठे. एकापासून दुसऱ्यास, दुसऱ्यापासून तिसऱ्यास, अशी ही साखळी असते. रोग्याच्या सभोवतालची बहुतेक माणसे लसीने सुरक्षित असतील, तर रोगास पुढचे घर सापडत नाही आणि साखळी तुटते. ज्यांस लस मिळालेली नाही, अशी तान्ही बालकेही मग या कुंपणाआड सुरक्षित राहतात. यासच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात.

या लसीशी गोमातेचाही संबंध आहे. गाईच्या आचळांवर उठणाऱ्या फोडांस आपल्याकडे ‘गोस्तन देवी’ म्हणत. अशा फोडांचा संसर्ग झालेल्या गवळणीच्या हातावरील द्रव एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली एका बालकास टोचला आणि त्या बालकास देवीपासून संरक्षण मिळाल्याचे दाखविले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीस ही लस टोचली गेली. भारतातील ही पहिली लस होय.

रोग्याभोवतीचे कडे

लस येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी रोग हटला नाही. १९७४ साली भारतात देवीच्या पावणेदोन लाखांहून अधिक रोग्यांची नोंद झाली. गावोगाव लस टोचूनही काही माणसे वगळली जात आणि साखळी त्यांच्यामधून पुढे सरके. नायजेरियात १९६६ च्या अखेरीस लस अपुरी पडली, तेव्हा डॉ. विल्यम फोगी यांनी रोगी शोधून त्यांच्या भोवतालच्या माणसांसच प्रथम लस टोचली आणि साथ ओसरली. हीच रीत १९७३ पासून भारतात नेटाने अवलंबिली गेली. आरोग्यसेवक देवीच्या रोग्याचे चित्र घेऊन घरोघर फिरले. रोगी सापडताच त्याच्या दारी रात्रंदिवस पहारा बसे आणि आसपासच्या सर्वांस लस टोचली जाई. संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचलेली लसही बहुधा रोग टाळी, म्हणून हे कडे यशस्वी झाले. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे बांगलादेशातून आलेली शेवटची रुग्ण आढळली. ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून देवी गेल्याची घोषणा झाली.

या कार्यात मोठा अडथळा होता तो रोगी लपविण्याचा. माता घरी आली आहे, तिचा कोप होईल, या भयाने कित्येक घरे मौन धरीत. परंतु घरातील रोगी लपविला की शेजारचे मूल धोक्यात येई. मातेस सर्वच मुले सारखी असताना हे मौन तिला कसे रुचावे?

आजचा प्रश्न

देवी गेली तरी हा प्रश्न गेलेला नाही. गोवर-कांजिण्या आल्या म्हणजे ‘माता आली’ असे आजही म्हटले जाते. कडुनिंबाची डहाळी दारी लावावी, रोग्याच्या खोलीत परक्याने जाऊ नये, हे ठीकच; मात्र गोवराची रीत निराळी आहे. देवीचा रोगी पुरळ उठल्यावर विशेष संसर्ग पसरवी. गोवराचा रोगी पुरळ उठण्यापूर्वी चार दिवसांपासूनच तो पसरवू लागतो. लस न घेतलेल्या समाजात असा एक रोगी बारा ते अठरा जणांस रोग देऊ शकतो. म्हणजे डहाळी दारी लागेपर्यंत साखळी पुढे गेलेली असते. येथे आधी घेतलेली लस हाच खरा उपाय; तीही शंभरातील पंचाण्णव मुलांस मिळाली तरच कुंपण टिकते. २०२२ साली मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा बाधितांत लस न घेतलेली बालके मोठ्या संख्येने होती आणि काही बालके दगावलीही.

म्हणून या सप्तमीस पूजेच्या तबकाशेजारी घरातील बालकाचे लसीकरणाचे कार्डही काढून ठेवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. राहिली असल्यास विनाविलंब आरोग्यकेंद्र गाठावे. ताप येऊन अंगावर पुरळ उठल्यास ते न लपविता आरोग्यसेविकेस कळवावे, बालकास वैद्यकीय उपचार द्यावेत आणि ते पूर्ण बरे होईपर्यंत त्यास देवळात वा जत्रेत नेऊ नये. नवस फेडणे आठ दिवस लांबले म्हणून माता रागावत नाही.

घरातील ज्येष्ठांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल, तर तो या दिवशी मुलांस अवश्य दाखवावा. त्या वणामुळेच नातवंडांच्या दंडावर तो उमटविण्याची आज गरज उरलेली नाही. शीतलामाता सर्व बालकांस आरोग्य देवो आणि आपल्या हातून त्यांच्या रक्षणात कसूर न होवो, हीच प्रार्थना!