मोबाईल गेम खेळून खरंच पैसे मिळतात का? वालीवच्या पोरांनो, आधी हा हिशोब वाचा

वालीव (ता. वसई) : संध्याकाळी शिफ्ट सुटली की गोलानी नाक्यावर, सातिवलीच्या रस्त्यावर, रिक्षा स्टँडवर एकच चित्र दिसतं. चहाचा कप बाजूला, मान खाली आणि बोट स्क्रीनवर. कोणी रील बघतो, कोणी लुडो खेळतो, तर कोणी हळूच शेजाऱ्याला दाखवतो, "हे बघ, काल पाचशे टाकले, आज बाराशे झाले!"

तो बाराशेचा स्क्रीनशॉट मग ग्रुपवर फिरतो. जव्हार-मोखाड्याहून कामाला आलेल्या, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या पोरापर्यंत तो पोचतो. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, आपल्यालाही जमेल का?

आमच्याकडेही हाच प्रश्न वारंवार येतो. म्हणून आज सोप्या भाषेत समजून घेऊ की गेममधला पैसा येतो कुठून, जातो कुठे, कायदा काय म्हणतो आणि सरळ मार्गाने कमाई होते का.

गेममध्ये पैसा येतो कुठून?

कोणताही गेम नोटा छापत नाही. तुम्हाला मिळणारा रुपया कोणाच्या तरी खिशातून आलेला असतो. त्याचे मुख्य मार्ग तीन.

पहिला, जाहिरात. आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असलेला लुडो किंग नवी मुंबईतल्या कंपनीने बनवला आहे. तो फुकट खेळता येतो, कारण मधे मधे जाहिराती दिसतात आणि जाहिरातदार कंपनीला पैसे देतात. इथे कमाई गेम बनवणाऱ्याची होते, खेळणाऱ्याची नाही. "जाहिराती बघा, कॉइन मिळवा" म्हणणारी ॲप्सही याच जातीची. तासभर बोट झिजवल्यावर हातात सुटे पैसे येतात, डेटा आणि बॅटरी आपली जाते.

दुसरा, बक्षीस. स्पर्धा होते, प्रायोजक पैसे देतात, जिंकणाऱ्या टीमला बक्षीस मिळतं. याला ई-स्पोर्ट्स म्हणतात. त्यावर पुढे बोलू.

तिसरा, दुसऱ्या खेळाडूचा खिसा. रमी, पैशांचा लुडो, फँटसी टीम, कलरवाला गेम, उडणाऱ्या विमानाचा गेम, हे सगळे यात येतात. इथे तुम्ही जिंकता तेव्हा तुमच्यासारखाच कोणीतरी हरलेला असतो किंवा समोर थेट ॲपवाला असतो. सगळा घोळ इथेच आहे.

वहीवर मांडून बघा

समजा, दोन पोरं पैशांचा लुडो खेळतात. दोघांनी ५०-५० रुपये लावले. जिंकणाऱ्याला मिळाले ९० रुपये, १० रुपये ॲपने ठेवले.

दोघंही सारख्याच ताकदीचे. १०० डाव झाले, प्रत्येकाने ५० जिंकले. एकाने लावले ५,००० रुपये, परत आले ५० गुणिले ९० म्हणजे ४,५०० रुपये. तोटा ५०० रुपये. दुसऱ्याचाही तोटा ५०० रुपये. आणि ॲपचे झाले १,००० रुपये.

म्हणजे दोघंही हरले. जिंकला तो टेबलाचा मालक. नुसतं बरोबरीत राहायचं तरी १०० पैकी ५६ डाव जिंकावे लागतात, आणि समोरचाही तेवढ्याच हुशारीने खेळत असतो.

आता कलरवाला गेम बघू. लाल की हिरवा, पैसे लावा, दुप्पट मिळवा. ग्रुपवरचे "सर" सांगतात, "हरलास तर डबल लाव, एकदा तरी कलर लागणारच." ऐकायला पटतं. पण १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० असे सहा डाव सलग गेले तर ६,३०० रुपये गेले. सातव्या डावाला ६,४०० रुपये लागतात. आणि एवढं करून तो डाव लागला तर फायदा किती? फक्त १०० रुपये. शंभर रुपयांसाठी १२,७०० रुपये पणाला! सहा-सात डाव सलग उलटे जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. दिवसभर खेळणाऱ्याला ते कधी ना कधी भेटतंच.

शिवाय कोणता कलर येणार हे ठरवतो ॲपवाल्याचा सर्व्हर. तो कुठल्या देशात आहे, कोण चालवतो, तपासतो कोण? काहीच माहीत नसतं. पत्त्याच्या क्लबात निदान पत्ते वाटणारा समोर दिसायचा.

आपल्या बाजूच्या जुन्या माणसांना विचारा, ते मटक्याची गोष्ट सांगतील. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावण्यापासून तो सुरू झाला. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो मुंबईत फोफावला. गिरणी कामगारांचे पगार त्यात गेले. तेव्हा चिठ्ठी घ्यायला अड्ड्यावर जावं लागायचं, चार लोक बघायचे, थोडी तरी लाज वाटायची. आता अड्डाच खिशात आलाय, आणि रात्री दोन वाजताही उघडा असतो.

मग कायदा काय म्हणतो?

पूर्वी एक पळवाट होती. नशिबाचा खेळ म्हणजे जुगार आणि कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. त्याच आधारावर रमी आणि फँटसी ॲप्स टीव्हीवर राजरोस जाहिराती करत होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये चित्र बदललं. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवला नाही. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ असेल, तर तो चालवायला बंदी.

शिक्षा काय, तेही लक्षात ठेवा :

- असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रीलवर लिंक टाकणाऱ्या पोरांनी हे दोनदा वाचावं.
- पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांनाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद.
- नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. सरकार त्याला फसलेला माणूस मानतं.

कायदा मंजूर होताच ड्रीम इलेव्हनसह मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनचं नावही गेलं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि वेगवेगळ्या हायकोर्टातल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. आज "पैसे लावा, जिंका" म्हणत जी लिंक येते, ती बहुतेक वेळा लपूनछपून चालणाऱ्या ॲपची असते. ते प्ले स्टोअरवर सापडत नाही, "ही फाइल डाउनलोड करा" असं सांगतात. अशा फाइलमधून तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचले जाऊ शकतात. गेम राहिला बाजूला, खातंच साफ.

महाराष्ट्राने काय काय पाहिलं

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी रुपये जिंकले. राज्यभर बातमी झाली. पुढे काय झालं? त्यांना निलंबित केलं गेलं. बातमी जिंकणाऱ्या एकाची होते, त्याच दिवशी हरलेल्या लाखोंची होत नाही, हे विसरू नका.

त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरचं प्रकरण आलं. ऑनलाइन बेटिंगमध्ये एका व्यापाऱ्याची ५८ कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार झाली. गोंदियात पोलिसांनी छापा टाकला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोनं मिळालं. एवढा मोठा व्यापारी वाचला नाही, तिथे महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याचं काय?

जुलै २०२५ मध्ये तर विषय थेट विधिमंडळात गेला. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ व्हायरल झाला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं.

हसण्यावारी न्यायचा हा विषय नाही. सरकारच्याच अंदाजानुसार देशात सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि दरवर्षी अंदाजे २०,००० कोटी रुपये बुडत होते. त्यात शेत विकलेले आहेत, बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलेले आहेत, जीव दिलेले आहेत.

फसवणूक ओळखायची कशी?

ठगांची रीत ठरलेली असते. सुरुवातीला तुम्हाला जिंकू देतात. दोनशे-पाचशे रुपये खरंच खात्यात येतात. विश्वास बसला की तुम्ही मोठी रक्कम टाकता. स्क्रीनवर आकडा वाढत जातो, ८० हजार, एक लाख! काढायला गेलात की मेसेज येतो, "आधी टॅक्स भरा" किंवा "व्हेरिफिकेशन फी भरा."

इथेच थांबा. जिंकलेल्या रकमेवरचा टॅक्स त्या रकमेतूनच कापला जातो. ऑनलाइन गेमच्या निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएसचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. म्हणजे १०,००० जिंकले तर ३,००० कापून ७,००० मिळायचे. आपल्या खिशातून आधी टॅक्स मागणारा कोणीही असो, तो ठगच.

दुसरा सापळा खात्याचा. "तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर दे, पाच हजार देतो." कॉलेजची पोरं आणि नवे कामगार यात हमखास अडकतात. त्या खात्यातून जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलीस येतात तेव्हा खात्यावर नाव तुमचं असतं. खातं गोठतं, पगार अडकतो आणि गुन्ह्यात नाव येतं. अशा ॲपमधून खरंच जिंकलेले पैसेसुद्धा कोणाच्या तरी फसवणुकीचे असू शकतात. त्यामुळेही खातं गोठू शकतं.

सरळ मार्गाने कमाई होते का?

होते, पण "घरबसल्या रोज दोन हजार" अशी नाही.

ई-स्पोर्ट्सला नव्या कायद्यात मान्यता आहे. बीजीएमआयच्या देशपातळीवरच्या स्पर्धांत कोटींमध्ये बक्षिसं असतात. पण गावच्या टेनिस क्रिकेटमधून किती जण रणजीपर्यंत गेले ते आठवा. इथलं गणितही तेच आहे. स्पर्धेची ठरलेली प्रवेश फी असू शकते, पण हार-जीतीवर पैसे लावायला सांगितले की तो जुगार झाला.

यूट्यूबवर गेम खेळून दाखवता येतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज). त्याला महिने लागतात, कधी वर्षंही जातात. नोकरी सोडून हे करू नका.

टिकाऊ रस्ता म्हणजे गेम बनवायला शिकणं. चित्रं, ॲनिमेशन, कोडिंग, गेममधल्या चुका शोधणं, ही पगाराची कामं आहेत. राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलंय. पोरगा दिवसभर गेम खेळतो म्हणून नुसता ओरडा करण्यापेक्षा, त्याला यातलं काय आवडतं ते एकदा विचारा.

पैसे गेले असतील तर काय कराल?

- ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधेच थांबण्याची शक्यता जास्त.
- व्यवहाराचा नंबर, स्क्रीनशॉट आणि समोरच्याचा यूपीआय आयडी जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका.
- बँकेला कळवा. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आपल्याकडे वालीव पोलीस ठाणे आहे.
- गेलेले पैसे वसूल करायला पुन्हा खेळू नका, लोन ॲपवरून कर्ज तर अजिबात काढू नका.
- "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी द्या" म्हणणाराही ठगच असतो.

आणि सर्वात महत्त्वाचं, घरात सांगा. पैसे गेल्याच्या लाजेने माणूस गप्प बसतो, गुपचूप आणखी कर्ज काढतो आणि गाळात जातो. मन फार खचलं असेल तर टेलीमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही सांगणाऱ्याला आधी शिव्या देऊ नयेत. पहिल्या पाच हजारांनाच त्याने तोंड उघडलं, तर पुढचे पाच लाख वाचतात.

विरंगुळा म्हणून गेम जरूर खेळा, त्यात काही वाईट नाही. पण खेळायच्या आधी पैसे मागणारा गेम दिसला की वर मांडलेला लुडोचा हिशोब आठवा. माहिती उपयोगी वाटली तर पाड्यावरच्या, कंपनीतल्या ग्रुपवर पाठवा. बाराशेचा स्क्रीनशॉट जिथे फिरतो, तिथे हाही फिरू द्या.