गॅरेजमधलं ब्रिजपोर्ट (भाग ९) : त्या चंद्रकोरी कशाच्या?

आज ब्रिजपोर्ट मिलिंग मशीनच्या स्पिंडलची बेअरिंगं काढायची ठरली होती. ती पुढच्या आठवड्यावर गेली, कारण टेबल आणि सॅडल उतरवल्याचं वाचून पुण्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : ‘नीच्या (सॅडल तोलणाऱ्या खालच्या भागाच्या) गाइडवेवर, म्हणजे सरकपृष्ठावर, ओळीने चंद्रकोरी दिसतात, त्या शोभेसाठी असतात का? पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या तर?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. अजिबात घासू नयेत. पॉलिश पेपरचे कण बिडात रुतून बसतात आणि वरून सरकणाऱ्या भागाला वर्षानुवर्षं कानशीसारखे घासत राहतात. शिवाय हाताने कागद फिरवला की कडा आधी झिजतात, मध्ये फुगवटा राहतो. जिथे मायक्रॉनचा हिशेब आहे तिथे हे परवडत नाही.

चंद्रकोरी तेलासाठी असतात. दोन अगदी सपाट पृष्ठभाग एकमेकांवर बसले की मधलं तेल बाहेर ढकललं जातं आणि ते चिकटून धक्क्याधक्क्याने सरकू लागतात. स्क्रेपरच्या झटक्याने मारलेल्या या उथळ खोबणी तेल धरून ठेवतात. पण हा शेवटचा हात झाला. खरं काम त्याच्या आधीचं, खरवडून सपाट करण्याचं. कारखान्यात त्याला सरळ ‘स्क्रेपिंग’ म्हणतात.

सपाट म्हणजे कशाच्या तुलनेत सपाट? या प्रश्नाचं उत्तर समजलं की यंत्रशाळेकडे बघण्याची नजरच बदलते. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 साली ग्लासगोच्या वैज्ञानिक सभेत हा विषय मांडला. त्या काळी दोन प्लेटा मध्ये एमरी टाकून एकमेकींवर घासत. व्हिटवर्थचं म्हणणं, घासू नका, उंचवटे शोधून तेवढेच खरवडा. आणि प्लेटा दोन नव्हे, तीन घ्या. दोनच प्लेटा असतील तर एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तिच्यात बसेल इतकीच फुगीर होऊ शकते, तरी दोघी बिनफट जुळतात. तिसरी आली की ही लबाडी उघडी पडते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी जुळली, तर फुगवटा राहायला जागाच उरत नाही. पीळ राहू शकतो, म्हणून प्लेट काटकोनात फिरवूनही पडताळायची. म्हणजे आधीची कुठलीही सपाट वस्तू हाताशी नसताना, नुसत्या हाताने आणि चिकाटीने सपाटी निर्माण होते. प्रस्तुत लेखकाला यंत्रविद्येच्या इतिहासात याहून सुंदर युक्ती आढळलेली नाही.

प्रत्यक्ष काम असं चालतं. सरफेस प्लेटवर किंवा सरळपट्टीवर निळ्या रंगाचा पातळ थर बोटाने पसरायचा. इंग्लंडातले जुने फिटर निळ्याऐवजी रेड लेड, म्हणजे आपला शेंदूर, तेलात कालवून लावत. शिसं विषारी असल्याने आज तो नको. पट्टी गाइडवेवर ठेवून जरा हलवायची आणि सरळ उचलायची. जिथे निळं लागलं तो उंचवटा. स्क्रेपरचा दांडा कमरेला टेकवून, अंगाच्या रेट्याने पुढे ढकलत, नेमकं तेवढंच खरवडायचं. एका हाताला चारपाच मायक्रॉन निघतात. बिडातल्या ग्राफाइटमुळे बोटं काळी होतात, वास नाकात बसतो. पुसा, पुन्हा निळं लावा, आता काटकोनात खरवडा. पहिल्या दिवशी दोनतीन मोठे डाग दिसतात. ते फुटत फुटत चौरस इंचात वीसेक ठिपके आले की काम झालं.

सरळपट्टी टेकवल्यावर निळ्याच्याही आधी एक चाचणी करावी. तिचं टोक बोटाने हलकेच ढकलावं. पट्टी मधोमध गर्रकन फिरली तर खाली फुगवटा आहे. पार टोकावर अडून फिरली तर मध्ये खळगा. प्रत्येक टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर फिरली तर बरं चाललं आहे. ही पट्टी उन्हात ठेवू नये. एक मीटर बीड एका अंशाला दहाअकरा मायक्रॉन वाढतं. एकच बाजू तापली की पट्टी वाकते आणि दिवसभराची मेहनत चुकीच्या जागी जाते.

आता आपल्या मशीनकडे. कनेटिकटमध्ये 1938 पासून विकल्या गेलेल्या या जातीच्या आपल्या मशीनची झीज चंद्रकोरींवरूनच वाचता येते. नीवर सॅडल जिथे जास्त फिरलं तिथे त्या पुसल्या आहेत, जिथे क्वचित पोचलं तिथे ठसठशीत आहेत. टेबलाचीही तीच तऱ्हा. कामं मध्यावर होतात, म्हणून झीज मध्यावर. मग मध्यावरची ढिलाई काढायला गिब (सरकत्या भागांमधली फट भरणारी पाचर) आवळली की टेबल टोकाकडे जाताना अडकतं. हा दोष गिबचा नाही, आणि नवी गिब टाकून तो जाणारही नाही.

जुनं मशीन विकत घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. झिजलेल्या गाइडवेवर नव्या चंद्रकोरी मारून मशीन खपवणारे विक्रेते असतात. चकाकत्या चंद्रकोरींवर विश्वास ठेवू नये. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावं.

त्या विद्यार्थ्याला, आणि ज्यांचे हात शिवशिवत असतील त्या सगळ्यांना एक विनंती : पहिला स्क्रेपर मशीनवर चालवू नका. भंगारातून तळहाताएवढा बिडाचा तुकडा आणा आणि त्यावर वीस ठिपके येईपर्यंत बसा. स्पिंडलची बेअरिंगं तोवर थांबतील.